दीड शिंगाचा दाखला

जांभळखेड्याला दर मंगळवारी जनावरांचा बाजार भरे. घोडेगावच्या बाजारापुढं तो म्हणजे ताटाशेजारची वाटी. पण सांडायचं ते वाटीतूनही सांडतंच. हेडी म्हणजे बैलांचे व्यापारी आणि गिऱ्हाइकं रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी भाव ठरवीत आणि वरून तोंडानं पावसापाण्याचं बोलत. सौदा जुळला की रुमाल झटकून दोघं बन्सी आढावाच्या टेबलाशी येत. बन्सी हा ग्रामपंचायतीचा बाजार कारकून. विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, मग बैलाचा रंग, शिंगं, दात, अंगावरच्या खुणा, सगळं तो छापील दाखल्यावर उतरवी आणि खाली गोल शिक्का मारी. तो कागद खिशात असला की बैल आपला. नसला की वाटेतल्या कुठल्याही पोलिसाला तो दुसऱ्याचा वाटू शके.

अकरा वर्षांत बन्सीनं काही हजार बैलांची वर्णनं लिहिली होती. वर्णनपर लेखन म्हणून पाहिलं तर जिल्ह्यात एवढा मोठा ऐवज दुसऱ्या कुणाच्या नावावर नसेल. पण बन्सी त्याला लेखन म्हणत नसे. लेखन म्हणजे कथा. आणि कथा नऊ वर्षांत सातच छापून आल्या होत्या. त्यातली एक नगरच्या साप्ताहिकात आली तेव्हा तिचा शेवटचा परिच्छेद पाण्याच्या पंपाच्या जाहिरातीला जागा हवी म्हणून कापला गेला. तरी श्रीरामपूरच्या एका मास्तरांनी कार्ड टाकून कळवलं, ‘शेवट फार सूचक आहे.’ तेव्हापासून बन्सीला कुठल्याच शेवटाचा भरवसा वाटेनासा झाला होता.

एकाहत्तर सालच्या श्रावणात पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकांचं कार्ड आलं. कथा वीस सप्टेंबरच्या आत हातात पडली तर दिवाळी अंकात घेऊ. बन्सीनं ते कार्ड तीनदा वाचलं, मग बायकोला, विजयमालाला, वाचून दाखवलं, मग देवळीत ठेवलं, आणि त्या दिवसापासून घरात काही धड होईना.

दूध उतू जाई ते त्याच्या डोळ्यांदेखत. विहिरीवर तो घागर घेऊन जाई आणि घागर तिथंच ठेवून रिकाम्या हातानं परते. एकदा ज्वारी दळायला गिरणीत गेला आणि डबा भरून घरी आला.

“अहो, ही बाजरी कुणाची?” विजयमालानं डब्याचं झाकण उघडून विचारलं.

“आपलीच असेल.”

“आपण बाजरी पेरली कधी?”

बन्सीनं पिठात बोट बुडवलं, चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाला, “मला सांग, चोराला खोकला येतो तो दम्याचा असावा, का नुसता घसा धरल्याचा?”

“चोराचं नंतर. आधी हा डबा नेऊन द्या. शेजारच्या चांगुणाबाईचा दिसतोय. ती दारात उभी राहिली ना, तर जात्याबिगर माझ्या सात पिढ्या दळून काढील.”

खोकल्याचा प्रश्न कथेतला होता. एक चोर रानातल्या वस्तीवरून पोवळ्या नावाचा तांबडा बैल सोडतो. पण पोवळ्याला एक खोड असते. धनी खोकल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. चोराला कोसभर खोकत जावं लागतं. आता बैल चोरायचा आणि वर रानभर ऐकू जाईल असं खोकायचं, ही त्या माणसाची अडचण बन्सीला फार आवडली होती. सव्वीस पानं भरभर झाली. चोर बाजाराच्या वेशीशी आला आणि तिथं अडला. पुढं काय? बैल विकतो, परत नेतो, का सापडतो? बन्सीनं चार शेवट लिहून पाहिले आणि चारही खोडले. कच्ची प्रत, पक्की प्रत ही भानगड त्याच्याकडं नव्हती; एकदा लिहिलं की पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा. जे काही होतं ते एका शंभरपानी वहीत होतं आणि ती वही जिथं बन्सी तिथं असे. बाजाराच्या दिवशी ती दाखल्यांच्या पुस्तकाखाली असे.

चौदा तारखेच्या मंगळवारी भिमाजी हेडी एका म्हाताऱ्याला घेऊन टेबलाशी आला. म्हातारा राळेगणसिद्धीच्या अलीकडच्या वस्तीवरचा. नाव सहादू. त्याच्या जोडीतल्या एका बैलाला श्रावणात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. दुसरा घरी बसून होता. भिमाजीनं त्याला सहा दाती पांढरा खोंड दिला होता. दोन्ही शिंगं मागं वळलेली, अंगावर डाग नाही. सगळा बाजार त्याच्याकडं वळून पाहत होता.

“लिवा भाऊसाहेब, बिगीबिगी,” भिमाजी म्हणाला. नगर जिल्ह्यात कागदाशी संबंध असलेला प्रत्येक माणूस भाऊसाहेबच असतो. “बाबाला लांब जायचंय, आन मला करमाळ्याकडं.”

बन्सी त्या वेळी एकोणिसाव्या पानावर एक शब्द बदलत होता. त्या पानावर बैलाचा धनी चावडीसमोर उभा राहून हरवलेल्या पोवळ्याचं वर्णन सांगतो. बन्सीनं वही पुस्तकाखाली सरकवली, मान वर केली आणि बैलाकडं पाहिलं. नीट पाहिलं. पाहण्यात त्याची कधी कसूर नसे. पाहता पाहता त्याला दुसरंच दिसू लागे, एवढंच. मग त्यानं मोत्यासारख्या अक्षरात दाखला लिहिला, शिक्का मारला, कार्बनखालची प्रत जागेवर आहे ना ते पाहिलं. भिमाजीला रुमालाखालचं वाचता येई, कागदावरचं नाही. सहादूबाबाला दोन्ही नाही. त्यानं दाखल्याची घडी कोपरीच्या आतल्या खिशात घातली आणि बैल घेऊन गेला.

गुरुवारी बन्सीनं रजा टाकली. शुक्रवारी नगरला जाऊन वही रजिस्टर करायची, म्हणजे सोमवारी पुण्यात. म्हणजे शेवटाला एकच दिवस उरला होता. सकाळपासून तो ओटीवर बसून पाचवा शेवट लिहीत होता आणि विजयमाला जाता-येता मुद्दाम भांडी मोठ्यानं ठेवत होती. नऊच्या सुमाराला सहादूबाबा दारात उभा राहिला. बैलाशिवाय.

“भाऊसाहेब, बैल धरला.”

“कुणी?”

“जमादारानं. नगर सोडून पुन्याच्या रस्त्याला लागलो, तर चौकीपशी अडिवला. कागद बगितला, बैल बगितला. म्हनला, कागद येकाचा आन बैल दुसऱ्याचा. म्या म्हनलं, सायेब, म्या बैल बगून घेतलाय, कागद बगून न्हाई.”

त्यानं घडी उलगडून दिली. बन्सीनं वाचलं. अक्षर त्याचंच होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती.

‘रंग तांबडा. उजवे शिंग अर्धे मोडलेले. डाव्या कानाला चीर. कपाळी पांढरा चांद. इतर खुणा: मानी आहे. धन्याच्या खोकल्याशिवाय पाऊल उचलत नाही.’

पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती ही, की ‘मानी आहे’ हे दोन शब्द कथेत नाहीत आणि ते तिथं असायला हवे होते. दुसरी गोष्ट मनात आली ती ही, की हा बैल सहादूबाबाचा नाही, पोवळ्या आहे.

“आन भाऊसाहेब,” सहादूबाबा जरा खाजगी आवाजात म्हणाला, “मला खोकाया लावलं.”

“काय?”

“जमादार म्हनला, बैल तुजाच असंल तर खोक. म्या खोकलो. बैल हाय तितंच. म्हनला, अजून खोक. धा-पंदरा येळा खोकलो. रस्त्यानं जानारी मानसं हुबी राह्यली. बैल काय हलंना. म्हनला, बग, कागद खोटा न्हाई, तूच खोटा हायस.”

आतून विजयमाला बाहेर आली. तिनं दाखला हातात घेऊन वाचला, नवऱ्याकडं पाहिलं आणि म्हातारबाबांसाठी पाण्याचा तांब्या आणायला आत जाता जाता म्हणाली, “घरात नुसता चोर होता तोवर बरं होतं. आता पोलीसही आले.”

सहादूबाबा पाणी प्याला, पण बसला नाही. तो उंबऱ्याशीच या पायावरून त्या पायावर होत राहिला. “आमच्याकडं आयतवारी पाऊस झाला. लई दिसानं झाला. आज रानाला वापसा आलाय. ओल कशी, मुठीत माती घेतली तर लाडू व्हतो आन सोडली तर फुटतो. शनवारपातुर पेरलं तर जवारी उगवंल. मंग ऊन खातंय सम्दं. घरी तिफन बांधून ठिवलीय, आन बैल हाय येक. येका बैलाची तिफन चालती व्हय भाऊसाहेब?”

“भावकीतली जोडी मागितली तर?”

“त्यांचं रान काय आमच्या रानामागून वाळतंय?”

बन्सी मनाशी वाटा शोधू लागला. नवा दाखला लिहून द्यावा, तर पुस्तकाला नंबर. कार्बन भलता इमानदार, त्यानं तांबडा बैल जसाच्या तसा खाली उतरवून ठेवला होता. भिमाजी हेडी करमाळ्याकडच्या बाजारांना गेलेला, आठ दिवस तरी हाती लागणार नव्हता. सरपंचांना सांगावं, तर ते आधी कारकून बदलतील आणि मग बैलाचं बघतील.

“चला,” बन्सी म्हणाला आणि त्यानं शिक्का खिशात घालून दाखल्यांचं पुस्तक काखेत मारलं.

“आणि हे?” विजयमालानं वही पुढं केली.

“ते कशाला?”

“तुम्ही काय सांगणार आहात जमादाराला? बैल चुकून तांबडा लिहिला? आंधळा म्हणतील. हे दाखवलं तर निदान वेडा म्हणतील.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तसंच नगरला उतरून पोस्टात टाका. शेवट गाडीत लिहा. घरी काय होत नाही तुमच्यानं.”

नगरला माळीवाड्याला गाडी बदलून दोघं पुण्याच्या यष्टीत बसले. बन्सीनं मांडीवर वही उघडली. चोर वेशीशी उभा होता, तो तसाच उभा राहिला. शेजारी सहादूबाबा खिडकीला नाक लावून दर शेताला निकाल देत होता. “ह्याला वापसा आलाय. पेरतुय बगा. ह्याचं अजून चिकाट हाय. ह्यो गडी चुकला, लई बिगी केली.” प्रत्येक चालती तिफण दिसली की तो मान मागं वळेपर्यंत तिच्याकडं पाही. दोघांचाही वेळ जात होता, आणि दोघांनाही तो जाताना दिसत होता.

चौकी म्हणजे कौलारू दोन खोल्या आणि पुढं एक लिंब. लिंबाला पांढरा बैल बांधलेला होता आणि तो इतका देखणा दिसत होता, की त्याला तांबडा लिहिणाऱ्याबद्दल कुणाचंही मत वाईट व्हावं. जमादार खरमाळे टेबलामागं बसले होते. पन्नाशीचे, अंगानं आडवे, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला.

“तुम्ही बाजाराचे कारकून? बरं झालं आलात. मला एवढंच सांगा,” त्यांनी दाखला चष्म्यासमोर धरला, “हा बैल तुमच्या बाजारातून निघाला तेव्हा दीड शिंगाचा होता. माझ्याकडं आला तो दोन शिंगांचा. उरलेलं अर्धं वाटेत उगवलं का?”

बन्सीनं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते खोटं वाटू लागलं. आपण कथा लिहितो, कथेत एक बैल आहे, तो तांबडा आहे, आणि लिहिताना चुकून तो दाखल्यात आला. जमादारांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे बैल दोन. एक माझ्या दारात आणि एक तुमच्या डोक्यात.”

“होय.”

“आणि दाखला डोक्यातल्याचा दिला.”

“होय.”

“वही आणा.”

जमादारांनी एकोणिसावं पान काढलं. डाव्या हाताला दाखला, उजव्या हाताला वही, मध्ये फूटपट्टी, असं त्यांनी एकेक शब्द ताडून पाहिला. शिंग जुळलं. कान जुळला. चांद जुळला. खोकला जुळला. मग पट्टी थांबली.

“हे ‘मानी आहे’ इथं नाही.”

“ते दाखला लिहितानाच सुचलं.”

“म्हणजे तेवढं तरी कामाच्या वेळेत कामावर लिहिलं.” त्यांनी पानं मागं उलटली, मग पुढं उलटली, असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. बाहेर सहादूबाबा बैलाच्या पाठीवरून हात फिरवीत उभा होता. शेवटी जमादारांनी मान वर केली.

“तुम्हाला चोरीची माहिती लई दिसते.”

“कल्पना आहे ती.”

“गळ्यातली घुंगरं चिखलानं बुजवतो, ही कल्पना? असे दोन धरलेत मी.” ते वहीकडं पाहतच म्हणाले, “पण गडी चांगला रंगवलाय. आणि पुढं? सव्वीस पानांवर मजकूर संपला. सुटतो का सापडतो?”

“ठरलं नाही अजून.”

“ठरवा. असं वेशीत उभं करून ठेवू नये माणसाला.” त्यांनी वही बंद केली आणि कामाला लागले. “बैल सोडतो. माझी खात्री पटली. तुम्ही जबाब लिहून द्या, की वर्णन कल्पनेतल्या बैलाचं आहे. दाखला नवा करा, जुन्यावर रद्द मारा. जबाबाची एक प्रत तुमच्या ग्रामपंचायतीला जाईल. आणि वही इथं राहील.”

“वही?”

“जबाबात तुम्ही म्हणणार, कथेतून आलं. वर साहेब विचारतील, कथा कुठाय? मी काय दाखवू, बैल?”

“एकोणिसावं पान काढून देतो.”

“सुटं पान कुणीही मागाहून लिहील. ते एकोणिसावं आहे म्हणायला आधीची अठरा पाहिजेत.”

“मग पुढची सात तरी द्या.”

“शिवण उसवली की पुरावा गेला. तुम्ही कारकून आहात, तुम्हाला मी सांगायचं का?”

बन्सीनं दिवाळी अंकाचं सांगितलं. सोमवारची तारीख सांगितली. नऊ वर्षं सांगितली. जमादार वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “दुसरा रस्ता आहे. भिमाजी हेड्याला घेऊन या. तो समोर उभा राहून म्हणाला, की हाच बैल मी ह्या बाबाला दिला, तर वहीची गरज नाही.”

“तो आठ दिवस येत नाही.”

“मग आठ दिवस बैल राहील. खाऊ-पिऊ घालू.”

“मला निदान उतरवून घेऊ द्या. तोवर बैल सोडा, बाबांना लांब जायचंय.”

“आधी कागद, मग दोर. उतरवून घ्या, मी नाही म्हणत नाही. तुमची वही आहे. जबाबावर सही होईपर्यंत ती तुमचीच आहे.”

बन्सीनं चौकीतून कोरे ताव मागून घेतले आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर उतरवायला बसला. बारा वाजले होते. दुसऱ्याचं उतरवायचं असतं तर त्यानं झपाट्यानं उतरवलं असतं. पण स्वतःचं उतरवताना दर ओळीला एखादा शब्द टोचे, तो बदलावा लागे, तो बदलला की शेजारचा टोचे. तीन पानांना पाऊण तास लागला.

सहादूबाबा लिंबाखाली उकिडवा बसला होता. चौकीच्या कुंपणापलीकडं कुणाचं तरी रान होतं. तिथून त्यानं मूठभर माती आणली, दाबली, सोडली, पाहिली. थोड्या वेळानं परत गेला, परत आणली, दाबली. जणू त्या रानाला जे होईल तेच सहा कोसांवरच्या त्याच्या रानाला होत होतं. मग तो उठून बाकड्याशी आला.

“भाऊसाहेब, आनखी किती?”

“तेवीस.”

“तेवीस काय?”

“पानं.”

सहादूबाबाला पान म्हणजे किती वेळ हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं वहीकडं पाहिलं, बन्सीच्या पेनाकडं पाहिलं. “तेवीस पानं म्हंजी किती कोस पडत्यात?”

बन्सीनं मनाशी हिशेब केला. “संध्याकाळ उलटेल. सहा तास तरी.”

“आमच्या वस्तीला सहा कोस हायेत. बैलासंगट सा तास धरा.” म्हातारा जरा विचारात पडला. बन्सीला वाटलं, आता हा हात जोडणार, आणि ते आपल्याला सोसणार नाही. पण सहादूबाबानं हात जोडले नाहीत. “लिवा तुमी. मी बैलाला पानी दावून येतो,” असं म्हणून तो बादली शोधायला निघाला.

भांडला असता तर बन्सी लिहीत राहिला असता. भांडणाऱ्या माणसासमोर लिहायची त्याला घरी सवय होती. पण बादली घेऊन निघालेल्या त्या पाठीकडं पाहून त्याचा पुढचा शब्द आलाच नाही. त्यानं वाक्य पुरं व्हायची वाट पाहिली. मग चौथ्या पानावर, अर्ध्या वाक्यात, पेनाला टोपण घातलं आणि आत गेला.

‘सदर वर्णन प्रत्यक्षातील बैलाचे नसून माझ्या कल्पनेतील बैलाचे आहे. प्रत्यक्षातील बैल समोर उभा असताना माझे लक्ष कल्पनेतील बैलाकडे होते. यात खरेदीदाराचा काही दोष नाही.’ बन्सीनं सही केली. एवढं सरळ, एकही शब्द न खोडता, त्यानं कित्येक दिवसांत काही लिहिलं नव्हतं. मग नवा दाखला लिहिला. रंग पांढरा. शिंगे दोन, शाबूत. सहा दाती.

“इतर खुणा?” जमादारांनी विचारलं.

बन्सीनं दारातून बैलाकडं पाहिलं. बैल बादलीतून तोंड काढून त्याच्याकडं पाहत होता.

“नाहीत,” बन्सी म्हणाला.

जमादारांनी दाभणानं वहीच्या कोपऱ्याला भोक पाडलं, लाल दोऱ्यानं ती जबाबाला बांधली, पुठ्ठ्यावर नंबर टाकला. मग बाहेर येऊन स्वतःच्या हातानं दावं सोडलं.

सहादूबाबा दाखला खिशात घालता घालताच चालू लागला. “येतो भाऊसाहेब. लई उपकार झाले,” हे त्यानं रस्त्यावरून, बैलाच्या पलीकडून म्हटलं. वळून पाहायला त्याला वेळ नव्हता. शेपटीचा काळा गोंडा हलत गेला आणि वळणावर दिसेनासा झाला. वापसा त्याला सापडणार होता. बन्सीला बरं वाटलं. पण वाटलं होतं तेवढं नाही.

तो यष्टीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. हातात तीन पानं आणि चौथ्याचा तुकडा. बाकीचं डोक्यात आहेच, म्हणून त्यानं चौथं पान आठवायला घेतलं. काय घडतं ते आठवत होतं. चोर बैलाच्या कानाशी जातो, दबक्या आवाजात खोकून पाहतो. पण तो खोकला ज्या वाक्यात होता ते वाक्य आठवेना. त्याच्या जागी दुसरं येई, ते बरं असे, पण ते नव्हतं. यष्टी आली. कंडक्टरनं दार उघडलं. बन्सी पायरीवर चढला, उतरला आणि चौकीकडं चालू लागला. मागून कंडक्टर काहीतरी बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“चौथं पान नुसतं बघू द्या,” तो दारातूनच म्हणाला.

“आता नाही,” जमादार म्हणाले. “मघा तुमचं होतं. आता सरकारी कागद आहे. नकलेसाठी अर्ज करा.” त्यांनी छापील अर्ज पुढं सरकवला.

बन्सीनं अर्ज भरला. अर्जदाराचं नाव. राहणार. कोणत्या कागदाची नक्कल. आणि खाली, नक्कल कशासाठी हवी. तिथं तो बराच वेळ थांबला आणि मग त्यानं लिहिलं, ‘पुढे लिहिण्यासाठी.’

जमादारांनी ते वाचून मान हलवली. “असलं कारण वर चालत नाही. ‘खासगी’ लिहा.”

बन्सीनं खोडून ‘खासगी’ लिहिलं. “किती दिवस लागतील?”

“वरून सही होऊन यायला महिना धरा. दिवाळीच्या आत मिळेल.”

“मला सोमवारी पाहिजे होती.”

“सोमवारी कुणालाच काही मिळत नाही.” जमादारांनी अर्जावर तारीख टाकली, तो तारेला टोचला आणि खुर्ची मागं रेलून बसले. “बसा. गाडी सोडलीत ना आता? पुढची तासाभरानं आहे.” मग त्यांनी लाल दोऱ्यानं बांधलेली वही ओढली, जबाब एका बाजूला पालथा घातला आणि पहिलं पान उघडलं. “तपासासाठी पहिल्यापासून वाचावं लागणारच आहे. मघाशी मधूनमधून चाळलं.”

बन्सी समोरच्या स्टुलावर बसला. नऊ वर्षांत आपली कथा वाचताना त्यानं कुणाला समोर पाहिलं नव्हतं. विजयमाला ऐके, ती भाकरी थापता थापता. हा माणूस ओठ हलवत, बोट ओळीखाली ठेवून वाचत होता. पहिल्या पानावर तो एकदा नाकातून हसला. कशाला हसला ते बन्सीला कळेना. त्या पानावर हसण्यासारखं काही आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसरं पान. तिसरं. जमादारांनी अंगठा जिभेला लावला आणि चौथं पान उलटून टेबलावर सपाट केलं. समोरून ते उलटं दिसत होतं, पण अक्षर मोठं आणि मोकळं होतं. बाजारातल्या दाखल्यांनी लावलेलं वळण. बन्सी स्टूल पुढं ओढून वाकला. खिशातून ताव काढला, मांडीवर ठेवला, टोपण दातांनी उघडलं आणि खालून वर, उलट्या ओळी लावीत, उतरवू लागला. चार ओळी झाल्या. पाचवी अर्धी झाली.

जमादारांचा अंगठा पुन्हा जिभेकडं गेला.

“जरा सावकाश वाचा,” बन्सी म्हणाला.